चकली सादळू नये आणि भंगारवाल्यानं नाक मुरडू नये: पर्यावरणपूरक पॅकिंगच्या कल्पना कशा काढायच्या

दिवाळी दीड महिन्यावर आली की मला ठरावीक फोन सुरू होतात. "ताई, प्लास्टिक बंद करायचंय, दुसरं काय वापरू?" फोन करणारी बहुतेक वेळा घरगुती फराळ विकणारी असते, नाहीतर बचत गटाची अध्यक्ष. तिला एका शब्दात उत्तर हवं असतं: कागद, ज्यूट, उसाच्या चिपाडाचं काहीतरी. मी उलट विचारते, "तुमचं रिकामं पाकीट शेवटी कुणाच्या हातात जातं?" यावर बहुधा शांतता पसरते.

त्या शेवटच्या हातापासून सुरुवात केली तर कल्पना भराभर सुचतात, आणि ज्या सुचतात त्यातल्या बऱ्याच टिकतात, असा माझा अनुभव आहे. पुढे अर्धा किलो चकलीचं उदाहरण धरून सगळी पद्धत सांगते. चकलीच का, तर तिच्याइतकं अवघड गिऱ्हाईक पॅकिंगवाल्याला मिळणार नाही. दमट हवेत सादळते, तळणीच्या तेलामुळे खवट होते, कागदावर तेलाचे डाग पाडते आणि कुरिअरच्या गाडीत तिचा चुरा होतो. चकलीचं जमलं की लाडू आणि शंकरपाळे फारच सोपे.

आधी तराजू काढा

कल्पनांच्या आधी हिशेब. आज जे पॅकिंग वापरता त्याचा प्रत्येक तुकडा वेगळा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: पाकीट, आतला ट्रे, खोका, त्यावरची चमकदार पट्टी, स्टिकर, चिकटपट्टी, रिबीन, आभारपत्र. प्रत्येकाचं वजन वहीत लिहा आणि पुढे एकाच वाक्यात लिहा की हा तुकडा काय काम करतो. "छान दिसतं" हेही काम आहे, लाजू नका. पण तीन-तीन तुकड्यांपुढे तेच लिहावं लागलं, तर पहिली कल्पना तुम्हाला फुकटात मिळाली.

मग खोक्यातली रिकामी जागा मोजा. कुरिअरवाले बहुतेक वेळा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणतात आणि ५००० नं भागतात. हे आकारमानाचं वजन खऱ्या वजनाहून जास्त भरलं तर पैसे त्याचेच लागतात. ३० × २५ × २० सेंमीचा खोका म्हणजे १५,००० भागिले ५०००, म्हणजे ३ किलो. आत माल किलोभरच असला तरी तुम्ही ३ किलोचे पैसे भरता. तोच माल २५ × २० × १२ च्या खोक्यात बसवला तर हिशेब १.२ किलोवर येतो. पुठ्ठा कमी, भरायला लागणारा चोळामोळा कागद कमी आणि कुरिअरचं बिलही कमी. कल्पनांच्या बैठकीत ज्यांना पर्यावरणाशी घेणंदेणं नसतं, तेसुद्धा हे गणित ऐकून सरसावून बसतात.

मग भंगाराच्या दुकानात जा

ही पायरी कुणी करत नाही, म्हणून मी तिच्यावर अडून बसते. तुमच्या पाकिटाचे पाच-सहा नमुने, शेजाऱ्यांच्या घरातली आणखी काही पाकिटं अशी पिशवी भरून जवळच्या भंगारवाल्याकडे जा. पुण्यात असाल तर कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे, तिच्या ज्या ताई तुमच्या दारी येतात त्यांना विचारा. प्रश्न एकच: यातलं काय घ्याल आणि काय फेकून द्याल?

उत्तरं बहुतेक ठिकाणी सारखीच मिळतात. कोरडा पुठ्ठा, पांढरा कागद, पाण्याच्या बाटल्या, जाड डबे, धुतलेली दुधाची पिशवी, पत्र्याचे डबे हे चालतं. आतून चांदीसारखं चकाकणारं पाकीट, प्लास्टिकचा थर बसवलेला कागद, थर्माकोल, तेलानं माखलेला पुठ्ठा याला हात लागत नाही. चकाकणाऱ्या पाकिटात दोन-तीन वेगवेगळ्या जातीची प्लास्टिकं आणि धातूचा अतिशय पातळ थर एकमेकांना कायमचे चिकटलेले असतात. ते वेगळे करण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतो.

दोन घरगुती परीक्षा शिकून घ्या. कागद तिरका फाडा. फाटलेल्या कडेला पातळ पापुद्रा लोंबला तर आत प्लास्टिक आहे. चकाकणारं पाकीट मुठीत चुरगळून सोडा. ते आपोआप उलगडलं तर बहुधा धातूचा थर चढवलेलं प्लास्टिक आहे, चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियमची फॉइल. 'इको' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक खाकी पाकिटांचा पहिल्या परीक्षेत निकाल लागतो. खाकी रंगानं आपल्याला जितकं फसवलंय तितकं क्वचितच कशानं फसवलं असेल.

प्रश्न नीट मांडा

"प्लास्टिकला पर्याय काय?" या प्रश्नातून कल्पना निघत नाहीत, फक्त वस्तूंची नावं निघतात. चकलीसाठी मी असा लिहीन: "पुण्यातून नागपूरला जाणारी चकली २० दिवस कुरकुरीत राहावी, दहातल्या नऊ अखंड पोचाव्यात, आणि रिकामं झालेलं सगळं पॅकिंग भंगारात घेतलं जावं, यासाठी काय करता येईल?" त्यात किती दिवस, कुठपर्यंत आणि शेवट काय हे तिन्ही आलं.

दिवसांचा आकडा प्रामाणिकपणे टाका. माल आठवड्यात संपत असताना सवयीनं सहा महिन्यांचं पॅकिंग घेणारे पुष्कळ आहेत. टिकाऊपणाचा आकडा खाली आणला की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. उलट अमेरिकेतल्या मुलाला फराळ पाठवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वेगळा प्रश्न लिहावा लागेल. दोघांना एकच पाकीट देण्याचा हट्ट धरू नका.

बैठक: आधी लिहा, मग बोला

पाच-सहा माणसं जमवा. त्यात पॅकिंग करणारी बाई, खोके बनवणाऱ्या कारखान्यातलं कुणीतरी, डिलिव्हरीचा मुलगा, एखादं नेहमीचं गिऱ्हाईक आणि घरातली एक म्हातारी असावी. म्हातारी गमतीनं म्हणत नाही. प्लास्टिकच्या आधी सामान कसं नेत होते हे प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस बैठकीत एकतरी हवं.

आपल्याकडे बैठकीत वयानं किंवा पदानं मोठा माणूस बोलला की बाकीचे माना डोलावतात. म्हणून सुरुवात मुकाट्यानं करा. जर्मनीत बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली एक पद्धत यासाठी उत्तम आहे: सहा माणसं, प्रत्येकाच्या कागदावर तीन कल्पना, वेळ पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. त्यानं वरच्या कल्पना वाचून खाली आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना होतात. त्यातल्या बऱ्याच एकमेकींच्या बहिणी असतात आणि काही शुद्ध वेडेपणा असतो, पण उरलेल्यांत दहा-बारा कामाच्या नक्की निघतात.

नुसतं "लिहा" म्हटलं तर हात थांबतात. म्हणून फेऱ्यांच्या दरम्यान मी एकेक चिथावणी देते.

पहिली: *एक तुकडा काढून टाका.* ट्रे नसेल तर चकली कशी उभी राहील? स्टिकर नसेल तर नाव कुठे येईल? रबरी शिक्क्याची कल्पना नेहमी इथेच निघते. मात्र कायद्यानं लागणारी माहिती, म्हणजे घटक, वजन, तारीख, परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, ही वाचता येईल अशी यायलाच हवी.

दुसरी: *पदार्थच बदला.* चकली गोल आहे. सगळ्या एका मापाच्या पाडल्या तर नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचता येतात, मधली पोकळी जाते आणि चुरा कमी होतो. म्हणजे पॅकिंगची सुधारणा सोऱ्यापासून सुरू झाली.

इथे कुणीतरी लगेच "प्रिंगल्सच्या चिप्ससारखा नळा करू" म्हणतं. थांबा. त्या नळ्याची कल्पना चतुरच होती. तो घडवणाऱ्या फ्रेड्रिक बाऊर यांना तिचा इतका अभिमान होता की २००८ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांची थोडी रक्षा त्याच डब्यात घालून पुरली. पण पुठ्ठ्याची भिंत, आतून धातूचा थर, तळाला पत्रा आणि वर प्लास्टिकचं झाकण अशी चार जातींची मोट असल्यानं २०१७ मध्ये ब्रिटनच्या रिसायकलिंग असोसिएशननं त्याला पुनर्वापराच्या दृष्टीनं सर्वांत वाईट पॅकिंगांपैकी एक ठरवलं. चळत घ्या, नळा सोडा.

तिसरी: *एका वस्तूकडून दोन कामं करून घ्या.* हापूसच्या लाकडी पेटीतला भाताचा पेंढा आठवा. आंब्याला धक्का लागू देत नाही, हवा खेळती ठेवतो, पिकायला ऊबही देतो आणि शेवटी गुरांच्या किंवा मातीच्या पोटात जातो. एकच वस्तू, चार कामं, खर्च जवळपास शून्य. चकलीला पेंढा चालणार नाही, पण खोक्याच्याच पुठ्ठ्याची एक पट्टी आत दुमडून कप्पा होऊ शकतो.

चौथी: *परत आणा.* मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करत आहेत, आणि ते चालतं कारण डबा पोचवणारा माणूस पुन्हा त्याच दारी जाणार असतो. तुमची डिलिव्हरी गल्लीतली असेल तर स्टीलचा डबा अनामत घेऊन द्या. नागपूरच्या कुरिअरला ही कल्पना लागू नाही, तिथे परतीच्या प्रवासाचं इंधन सगळी कमाई खाऊन टाकेल. एका बैठकीत एक आजी म्हणाल्या, "शेजारणीचा डबा रिकामा कधी परत करत नाहीत." तिथून योजना निघाली: डबा परत आणणाऱ्याला मूठभर चिवडा त्याच डब्यात घालून द्यायचा. गिऱ्हाइकं अनामत विसरली, चिवडा विसरली नाहीत.

पाचवी, आणि माझी सर्वांत आवडती: *कामं वाटून द्या.* चकाकणारं पाकीट एकटंच चार कामं करतं: दमट हवा अडवतं, प्राणवायू अडवतं, उजेड अडवतं, चित्र मिरवतं. ती कामं दोघांत वाटली तर? दमट हवा अडवायला एकाच जातीच्या प्लास्टिकचं साधं पारदर्शक पाकीट, म्हणजे पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. उजेड, दाब आणि छपाई सांभाळायला बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका. दोन्ही एकमेकांना चिकटवायचे नाहीत, हातानं वेगळे झाले पाहिजेत. प्राणवायू मात्र या पाकिटातून थोडाफार आत येतो आणि तेल लवकर खवट करतो, म्हणून दिवसांचा आकडा आटोक्यात हवा. वीस दिवसांच्या चकलीला हे बहुधा पुरतं. किती पुरतं ते पुढे तपासू.

होय, यात प्लास्टिक आहे. लोक नाराज होतात. पण सादळून फेकलेल्या चकलीत भाजणी, तेल, गॅस आणि एका बाईची सकाळ असते. पाच-सात ग्रॅमचं पाकीट वाचवण्यासाठी अर्धा किलो अन्न कचऱ्यात घालणं मला पर्यावरणपूरक वाटत नाही.

चाळणी

आता भिंतीवर लावलेल्या कल्पना तीन चाळण्यांतून काढा.

पहिली चाळणी अन्नसुरक्षेची. वर्तमानपत्राचा कागद अन्नाला लागता कामा नये. छपाईच्या शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकिंग नियमांत त्याला मनाई आहे. पुठ्ठा रद्दीपासून बनलेला असेल तर चकली थेट त्याला टेकवू नका, मध्ये स्वच्छ थर हवा. स्टेपलरची पिन खाद्यपदार्थाच्या आसपासही नको. केळीचं किंवा पळसाचं पान गरम जेवणाला राजेशाही आहे, पण त्याचा ओलावा चकलीचा पहिला शत्रू.

दुसरी कायद्याची. महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला ५००० रुपये दंड आहे. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात ती पातळ फिल्मही आहे, आणि दिवाळीत ती अजून सर्रास दिसते. हातातल्या पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन लागते. माल भरायच्या साध्या फिल्मसाठी सर्वसाधारण मर्यादा ५० मायक्रॉनची आहे. विक्रेत्याकडून जाडी बिलावर लिहूनच घ्या.

'कंपोस्टेबल' म्हणणाऱ्यांची गाठ पडेल तेव्हा दोन गोष्टी मागा: आयएस १७०८८ या मानकाचा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. दोन्ही दाखवले तरी विचारा की ते कुठे कुजणार. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं बरंचसं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास तापलेल्या औद्योगिक खतप्रकल्पात कुजतं. बाल्कनीतल्या कुंडीत ते महिनोन्महिने तसंच पडून राहतं. त्यातून दमट हवाही जास्त जाते, म्हणजे चकलीसाठी दुहेरी तोटा.

तिसरी चाळणी माणसाची. अमेरिकेत सनचिप्स या चिप्सच्या ब्रँडनं २०१० मध्ये वनस्पतिजन्य, कुजणारं पाकीट आणलं. ते हाताळताना इतकं कडकड वाजायचं की गिऱ्हाइकांनी थट्टा मांडली, आणि त्याच वर्षी कंपनीनं बहुतेक चवींची पाकिटं मागे घेतली. प्रयोगशाळेत सगळं उत्तम होतं. म्हणून नमुना एखाद्या संधिवाताच्या बोटांना, एखाद्या घाईतल्या माणसाला उघडायला द्या आणि गप्प बसून बघा.

डमी करा आणि आपटा

उरलेल्या दोन-तीन कल्पनांचे नमुने हातानं करा. जुनी कॅलेंडरं, रिकामे खोके, कात्री, पट्टी एवढं पुरे. माप पक्कं झालं की खोकेवाल्याकडून छपाईविना पांढरी डमी मागवा. तीन पदरी पुठ्ठा घरगुती फराळाच्या वजनाला बहुधा चालतो, पाच पदरीची सवय महागडी आहे. पुठ्ठ्यातल्या नागमोडी नळ्या उभ्या दिशेनं आल्या आहेत ना ते बघा; आडव्या आल्या तर वरचा खोका खालच्याला चेपतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल शोषून निम्मा लेचापेचा होतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये तपासलेला खोका ऑक्टोबरमध्ये फसवत नाही. उलट क्रम मात्र अंगाशी येतो. मी एकदा मे महिन्यात पास केलेले खोके जुलैत गोदामात एकावर एक बसलेले पाहिले आहेत.

आपटण्याची एक ठरलेली रीत आहे. वाहतुकीच्या चाचण्या ठरवणाऱ्या इस्टा या संस्थेच्या प्राथमिक चाचणीत दहा किलोच्या आतला खोका सुमारे ७६ सेंमीवरून, म्हणजे टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. घरी हेच करा, मग उघडून अखंड चकल्या मोजा आणि वहीत लिहा.

सादळण्याची परीक्षा त्याहून मजेची आहे. स्टीलच्या मोठ्या डब्यात तळाला ओलं फडकं ठेवा, वर जाळी, त्यावर चकली भरून सील केलेली वेगवेगळी पाकिटं, आणि झाकण लावा. ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रोज प्रत्येक पाकीट तोला. वजन वाढलं म्हणजे तितकं पाणी आत शिरलं. ज्याचं वजन सर्वांत हळू चढतं ते जिंकलं. जीभ चार दिवसांनी जे सांगते ते काटा दुसऱ्या दिवशी सांगतो. खवटपणासाठी एक पाकीट खिडकीत आणि एक खोक्यात बंद ठेवून दर तीन दिवसांनी वास घ्या. उजेडाचा प्रताप कळेल.

पैशाचं बोलू

छापील पाकिटाला छपाईचे सिलिंडर करावे लागतात आणि हजारोंनी माल घ्यावा लागतो. उरलेली पाकिटं पत्ता बदलला की रद्दी. लहान धंद्यानं कोरं पाकीट आणि एका रंगात छापलेला, लॅमिनेशन नसलेला खोका घ्यावा. नवीन आकाराच्या डायचा, म्हणजे खोका कापायच्या साच्याचा, खर्च एकदाच येतो; तो किती नगांवर वाटला जाईल हे आधी मोजा. बाजारात तयार मिळणाऱ्या मापात चकलीची चळत बसत असेल तर डाय नकोच, सोऱ्याची जाळीच बदलून बघा. प्लास्टिकच्या चिकटपट्टीऐवजी पाणी लावून चिकटवायची कागदी पट्टी घेतली तर खोका जसाच्या तसा रद्दीत जातो. मोठ्या ऑर्डरसाठी तपासण्या करून घ्यायच्या असतील तर मुंबईत अंधेरीला १९६६ मध्ये स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था आहे.

पन्नास डबे

पूर्ण ऑर्डर देऊ नका. पन्नास डबे करा, ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवा आणि उघडल्यानंतर आठवड्यानं एकच प्रश्न विचारा: "रिकामं पॅकिंग आत्ता घरात कुठे आहे?" ओल्या कचऱ्यात गेलं असेल तर सूचना कमी पडली. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे उघडताना नजर जातेच, तिथे छापा: "आतली पिशवी पुसून दुधाच्या पिशव्यांबरोबर द्या. खोका रद्दीत." याहून लांब सूचना मी छापू देत नाही.

आणि ते पन्नास डबे रिकामे झाले की त्यातले दोन-चार मागून घेऊन पुन्हा त्याच भंगाराच्या दुकानात जा. मी गेल्या वर्षी गेले तेव्हा मालकानं पाकीट ताणून पाहिलं, खोका पायानं चपटा केला, दोन्ही वेगवेगळ्या पोत्यांत टाकले आणि विचारलं, "चकली आणली नाही का?"